कँटनचा सकाळचा चहा

मुंबईच्या चिनी उपाहारगृहांत अलीकडे डिमसमला फार प्रतिष्ठा आली आहे. रात्रीच्या भोजनास आरंभ होण्यापूर्वी, सूपाच्या आगेमागे, बांबूची वाफाळती करंडी मेजावर येते, तिच्या सोबतीस सोया सॉस आणि मिरचीची लाल चटणी येते, आणि एखादे शीतपेय घोटीत मंडळी ती रिकामी करितात. खाण्याच्या बाबतीत कोणी कोणास हरकत घेऊ नये हे खरे. परंतु ज्या नगरीत ह्या प्रकाराची जोपासना झाली त्या कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझूच्या, एखाद्या वृद्ध रहिवाशास हा देखावा दाखविला, तर अवेळ आणि चहाचा अभाव ह्या दोनच पुराव्यांवरून तो हे आपले खाणे नव्हे असा निकाल देईल. कारण त्याच्या लेखी मुख्य मानकरी चहा होय, आणि त्या करंड्या त्याच्या लवाजम्यातल्या.

कँटनचे माहात्म्य बंदरामुळे वाढले. १७५७ साली छ्येनलुंग बादशहाने पाश्चात्त्यांच्या सागरी व्यापारास हे एकच बंदर मोकळे ठेविले, आणि १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत विलायतेस जाणारा चहा येथूनच जहाजांवर चढत असे. ह्या देवघेवीत मुंबईचा वाटा लहान नव्हता. गुजरातेचा कापूस आणि माळव्याची अफू आपल्या धक्क्यावरून तिकडे जाई, आणि जमशेटजी जीजीभाई, ज्यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी स्वतः केल्या, त्यांच्यासारख्यांची दौलत ह्याच व्यापारात जमली. त्या दौलतीतून उभ्या राहिलेल्या इस्पितळाचे गुण गाताना अफूचे नाव गाळण्याची आपली रीत सभ्य असेल, पण इतिहासाच्या ती उपयोगाची नाही.

बंदर म्हटले की हमाल आले, नावाडी आले, दलाल आणि कारकून आले; आणि पहाटे कामास जुंपण्यापूर्वी ह्या सर्वांना घटकाभर टेकण्यास जागा हवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कँटनमध्ये जी अगदी साधी चहाची दुकाने प्रचारात आली, त्यांना लोक तेथील दरावरूनच ओळखीत: दोन ली, म्हणजे एक ताएल चांदीचा पाचशेवा हिस्सा. लाकडी मेजे, लांब बाके, हिरव्या झिलईची मातीची किटली आणि पोट भरतील असे ओबडधोबड जिन्नस, म्हणजे अरवीच्या जातीच्या कंदाच्या उकडलेल्या वड्या आणि मोठाले पाव, एवढाच तेथला सरंजाम. एक वाटी चहा आणि दोन नग हे प्रमाण ह्या गरिबांच्या बैठकीतच रूढ झाले, आणि पुढे श्रीमंतांनीही ते मुकाट्याने पत्करिले.

दोन लीच्या धंद्यात नफा आहे हे शेजारच्या फोशान शहराकडील सावकारांच्या ध्यानी येण्यास फार विलंब लागला नाही. शतकाच्या अखेरीस त्यांनी भांडवल घालून दुमजली-तिमजली चहागृहे उठविली. १८८० सालचे थाव थाव च्यू आणि १८८९ साली मिठाईचे दुकान म्हणून निघालेले लिन हेउंग ही नावे आजही चालू आहेत. येथे जिना चढावा तसा चहाचा दर चढे. पैका असेल त्याने माडीवर जावे, नसेल त्याने खाली उकिडवे बसावे, अशी म्हणच तिकडे पडली. मात्र माडीवरचे गिऱ्हाईक दोन पावांनी तृप्त होईना. मग आचाऱ्यांत चढाओढ लागली, आणि १९२० नंतरच्या काळात तर दर आठवड्यास गोड-खाऱ्या नव्या पदार्थांची यादी लावण्याचा प्रघात पडला. आज आपण डिमसम म्हणून जे नजाकतीचे खाणे ओळखतो ते बव्हंशी ह्या चढाओढीचे अपत्य आहे. त्यास हजारो वर्षांची परंपरा चिकटविणाऱ्या जाहिरातींवर वाचकांनी फार भरवसा ठेवू नये.

त्यातील ‘हार गाव’ नावाचा कोळंबीचा पदार्थ तेवढा जवळून पाहण्याजोगा आहे. शहराबाहेरच्या वूफेंग गावी नदीकाठच्या चहागृहात, ताज्या कोळंबीच्या सोयीमुळे, तो प्रथम झाला असे परंपरा सांगते. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तसल्याच चिकाच्या वाळविलेल्या पिठीवर उकळते पाणी ओतून उकड काढितात, आणि तिची गोळी लाटण्याने न लाटता तेलाचा हात दिलेल्या रुंद सुरीच्या पात्याने पाटावर दाबून पापुद्रा करितात. पिठात चिकटपणाचा अंश नसल्याने हा पापुद्रा वाफेवर काचेसारखा पारदर्शक होतो आणि आतली गुलाबी कोळंबी दिसू लागते. मोदकाला जशा कळ्या, तशा ह्याच्या एकाच कडेला चुण्या. सातांहून कमी पडल्या तर आचारी नवशिका, तेरा साधल्या तर उस्ताद. उचलताना पापुद्रा फाटला तर सारेच फुकट.

१९४९ च्या राज्यक्रांतीच्या सुमारास कँटनकडील असंख्य माणसे हाँगकाँगला आली आणि चहागृहांची खरी राजधानीही तिकडे सरकली. तेथे १९३३ सालचे लुक यू आधीपासूनच होते. चहावरील आद्य ग्रंथाचा कर्ता जो थांगकालीन पंडित, त्याचे नाव त्याला दिलेले आहे. सकाळी पेन्शनर मंडळी पक्ष्यांचे पिंजरे घेऊन येत, ते आकड्यांना अडकवीत आणि वर्तमानपत्र उघडीत. गळ्यात पट्ट्याने तबक अडकवून पदार्थांचा पुकारा करीत फिरणाऱ्या स्त्रिया प्रथम होत्या, ढकलगाड्या मागाहून आल्या, आणि आता त्याही बहुतेक ठिकाणी जाऊन छापील यादीवर खुणा करणे उरले आहे. चहा ओतणाऱ्यास दोन बोटे मेजावर टकटकवून धन्यवाद देण्याचा शिष्टाचार मात्र शाबूत आहे. वेषांतर करून हिंडणाऱ्या छ्येनलुंग बादशहाने चाकरांच्या पेल्यात चहा ओतला, तेव्हा त्यांनी लोटांगणाऐवजी बोटे वाकवून मुजरा केला, असे त्याचे मूळ सांगतात. कथा गोड आहे, तेवढ्यापुरतीच ती घ्यावी.

माझगावात १९१९ साली स्थापन झालेले सी युप मंदिर कँटनच्याच प्रांतातून आलेल्या चिनी लोकांचे आहे; म्हणजे ह्या चालीचे वारसदार आपल्या गोदीजवळच राहात होते, तरी मुंबईस चहागृह लाभले नाही. कलकत्त्याच्या तिरेटा बाजारात चिनी कुटुंबे भल्या सकाळी रस्त्याकडेला करंड्या मांडतात, एवढीच काय ती हिंदुस्थानातील निशाणी. म्हणून ज्या वाचकास हाँगकाँगास जाण्याचा योग येईल त्याने न्याहारी हॉटेलात न करिता सकाळी एखादे जुने चहागृह गाठावे, पदार्थांच्या यादीस हात लावण्यापूर्वी चहा कोणता ते सांगावे, आणि किटलीतले पाणी संपले की हाका न मारिता तिचे झाकण अर्धवट उघडे ठेवावे. बिलात माणशी चहाची रक्कम निराळी मांडलेली आढळेल. तिच्याबद्दल तक्रार करू नये.