कापड तुडवणाऱ्यांचं आडनाव

‘वॉकर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चालणारा माणूस येतो. हे वॉकर चालायचे खरे, पण दिवसभर चालूनही जागचे हलत नसत. पायांखाली हौद, हौदात पाणी आणि पाण्यात मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरीचं कापड. ते कापड तासन् तास तुडवायचं, हा त्यांचा धंदा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या धंद्यावरून पडलेलं नाव आज ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या वीस आडनावांत आहे.

तुडवायचं कशासाठी, हे समजून घ्यायला हवं. सूत कातताना लोकरीला तेल किंवा लोणी चोळलेलं असे, त्यामुळे मागावरचं कापड तेलकट असायचं. शिवाय वीण विरळ. असं कापड अंगावर घातलं तर वारा आरपार जाणार आणि पाऊसही. ओल्या लोकरीला ऊब आणि सतत दाब मिळाला की तिचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं आणि वीण दिसेनाशी होते. मागावरचं रुंद कापड आटून बरंच अरुंद होई, म्हणून विणकर ते मुद्दाम जास्त पन्ह्याचं विणत.

तेल काढायला दोन गोष्टी वापरत. एक म्हणजे शिळं मूत्र, कारण त्यातला अमोनिया तेल तोडतो. रोमन काळापासून ही रीत होती. पाँपेईच्या उत्खननात सापडलेल्या भित्तिचित्रात कामगार हौदात उभे राहून पायांनी कापड मळताना दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे तेल शोषून घेणारी माती. इंग्लंडात ती सरे आणि बेडफर्डशायरमध्ये खणून काढत. लोकरीच्या व्यापारात ही माती इतकी मोलाची, की सतराव्या शतकात ती परदेशी पाठवायला बंदी होती. इंग्रजीत तिला ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. आपल्याकडे घरोघरी चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती याच जातीची.

त्या ‘फुलर्स अर्थ’मधला फुलर म्हणजेही कापड तुडवणाराच. धंदा एक आणि आडनावं तीन, असा हा मोठा सुरेख प्रकार आहे. आग्नेय इंग्लंडमध्ये, केंट-ससेक्सपासून ईस्ट अँग्लियापर्यंत, लॅटिनमधून आलेला ‘फुलर’ चाले. नैर्ऋत्येला, डेव्हनच्या बाजूला, त्याच माणसाला ‘टकर’ म्हणत. एक्सेटर शहरात विणकरांच्या आणि टकरांच्या संघाची १४७१ची वास्तू अजून उभी आहे, तिचं नावच ‘टकर्स हॉल’. उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये मात्र ‘वॉकर’. मूळ क्रियापदाचा जुना अर्थ होता लोळवणं, घुसळणं. जर्मन भाषेत कापड मळण्याला आजही ‘वाल्केन’ म्हणतात. पायी चालण्याचा अर्थ इंग्रजीत नंतर रुळला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायक्लिफ या धर्मसुधारकाच्या मंडळींनी बायबल इंग्रजीत आणलं, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात कापड शुभ्र करणाऱ्याचा उल्लेख आला. तिथे त्यांनी फुलर आणि वॉकर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे दक्षिणेचा वाचकही अडायला नको आणि उत्तरेचाही.

आता या कुळकथेतला मला सर्वांत जास्त चटका लावणारा भाग. पायांवरून हे नाव घराण्यांना चिकटत होतं, त्याच काळात यंत्र त्या पायांची जागा घेत होतं. पाणचक्कीच्या आसाला खुंट्या बसवायच्या, त्या फिरताना लाकडी हातोडे उचलायच्या आणि सोडायच्या, आणि खालच्या कुंडातल्या कापडावर ते हातोडे आळीपाळीने आदळायचे. इंग्लंडमध्ये अशा गिरण्यांची नोंद ११८५ मध्ये टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या मालमत्तेच्या पाहणीत मिळते. पुढच्या शंभर वर्षांत त्या ओढ्या-ओढ्यांवर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज केवढा असेल, याची कल्पना सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीवरून येते. त्याच्या १६०५च्या पहिल्या भागात रात्रीच्या अंधारातला भयंकर धडधडाट ऐकून नायकाचा सेवक सांचो याची गाळण उडते, आणि उजाडल्यावर कळतं की ते कापड कुटणारे सहा हातोडे होते.

इतिहासकार एलिनोरा कारस-विल्सन यांनी १९४१ मध्ये एका निबंधात याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. त्यावर पुढे वाद झाले, पण माणसांच्या जगण्यावर घाव बसला, यात शंका नाही. गिरणी बांधायची ताकद जमीनदाराची किंवा मठाची. ती बांधली की कुळांनी कापड तिथेच आणावं आणि पैसे मोजावेत, हा हुकूम ठरलेला. सेंट ऑल्बन्सच्या गावकऱ्यांनी तो मानला नाही. ते घरीच कापड तुडवत राहिले. १२७४ मध्ये मठाधिपतीने कापड जप्त करायला सुरुवात केली, तेव्हा गावाने वर्गणी काढून खटला लढवला. राणी एलिनॉर गावात आली, तेव्हा बायका गाऱ्हाणं घेऊन तिच्यासमोर गेल्या. निकाल अखेर मठाच्या बाजूने लागला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांनी, स्वतःचं कापड तुडवण्याचा हक्क मागायला त्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. आडनावांच्या कोशात त्या कुठेच सापडत नाहीत, म्हणून त्यांची आठवण इथे काढायलाच हवी. लंडनच्या कारागिरांनी १२९८ मध्ये शहराबाहेरच्या गिरण्यांत कापड पाठवण्यावर निर्बंध मिळवले खरे, पण धंदा शहरं सोडून वेगवान ओढ्यांच्या डोंगराळ मुलखाकडे सरकू लागला होता.

त्या मुलखांतला एक म्हणजे यॉर्कशायरचा पश्चिम भाग, वॉकरांचं आगर. तिथे आणि उत्तरेत इतरत्रही नव्या गिरणीला लोकांनी ‘वॉक मिल’ म्हटलं. हातोडे आले तरी नाव पायांचंच राहिलं, आणि गिरणी चालवणाराही वॉकरच. चौदाव्या शतकात लँगलंडने ‘पिअर्स प्लाउमन’ हे काव्य लिहिलं, तेव्हा त्याने पायांनी तुडवण्याचा आणि गिरणीत कुटण्याचा उल्लेख बरोबरीने केला. दोन्ही रीती नांदत होत्या. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसली आणि गावोगावच्या माणसांची नावं कागदावर आली. बापाचं टोपणनाव मुलाला लागण्याची पद्धत याच सुमारास पक्की होत होती. मुलगा सुतार झाला तरी वॉकरच राहू लागला.

नाव इतकं पसरलं त्याचं कारण लोकर. इंग्लंडची संपत्तीच तिच्यावर उभी होती आणि विणलेल्या बहुतेक ताग्यांना वॉकरच्या हातून, म्हणजे पायाखालून, जावं लागे. असंख्य गावांत एकमेकांशी नातं नसलेल्या माणसांना हे नाव स्वतंत्रपणे पडलं. त्यामुळे सगळ्या वॉकरांचा मूळपुरुष एक, असं मानायला जागा नाही. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं गाव होतं आणि काही थोडी घराणी त्यावरून नाव लावत असतील, पण तो अपवाद. स्कॉटलंडमध्येही नाव भरपूर. तिथल्या हेब्रिडीज बेटांवर कापड दाट करायला बायका टेबलाभोवती बसून गाण्याच्या तालावर ट्वीड आपटत, ही रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली.

अमेरिकेत हे नाव वसाहतवाल्यांबरोबर गेलं आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांचंही झालं. १८२९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध जळजळीत आवाहन छापणारे डेव्हिड वॉकर आणि १९८३ मध्ये ‘द कलर पर्पल’साठी पुलित्झर मिळवणाऱ्या अॅलिस वॉकर, दोघंही याच आडनावाचे. तिथलं वॉकर मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचं आडनाव आहे, आणि त्याचा यॉर्कशायरच्या हौदाशी रक्ताचा संबंध शोधण्यात अर्थ नाही.

मराठी इतिहासालाही एक वॉकर ठाऊक आहे. स्कॉटलंडचा अलेक्झांडर वॉकर बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट होता. काठियावाडच्या संस्थानांकडून खंडणी वसूल करायला मराठी फौजा मुलुखगिरीवर जात. १८०७च्या ‘वॉकर सेटलमेंट’ने त्या खंडणीचे आकडे बांधून दिले आणि ती मुलुखगिरी संपत आली.

राहिली ती जॉनी वॉकर व्हिस्की. जॉन वॉकरने १८२० मध्ये किलमार्नॉकला किराणा दुकान थाटलं. १९०८ मध्ये चित्रकार टॉम ब्राउनने त्या व्हिस्कीसाठी झपाझप चालणारा माणूस काढला आणि आडनावाचा विसरलेला अर्थ कायमचा झाकला गेला. मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टरी करणाऱ्या बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी या तरुणाने दारुड्याची नक्कल अशी बेमालूम केली, की गुरुदत्तने त्याला १९५१च्या ‘बाजी’ चित्रपटात घेतलं आणि त्या बाटलीवरूनच जॉनी वॉकर हे नाव दिलं. भारतात कोट्यवधी लोकांना माहीत असलेला वॉकर तो हाच.