सिझरनंतरचे बाळंतपण : निवड कुणाची, सोबत कुणाची

१९१६ साली न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय नियतकालिकात डॉ. एडविन क्रेगिन यांनी एक इशारा दिला : एकदा सिझेरियन झाले की पुढची बाळंतपणेही त्याच वाटेने जातात, म्हणून पहिले सिझर विचारपूर्वक करा. त्याच वर्षी रसेल आणि मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे, रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बांबूकाम करणाऱ्या बसोर समाजातल्या स्त्रिया सुईणपण करतात, अशी नोंद त्यात आहे. क्रेगिन यांचा इशारा पुढे नियम म्हणून वापरला गेला. बसोर सुईणीचे कसब जातीच्या रकान्यात पडून राहिले. सिझरनंतर घरी बाळंत होऊ पाहणारी स्त्री आणि तिला साथ देणारी सुईण, हा आपला अभ्यासविषय. त्याची मुळे या दोन घटनांत आहेत.

आधी शरीराचे पाहू. क्रेगिन यांच्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत. पुढे ग्लासगोच्या मनरो कर यांनी खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि तो रूढ झाला. हा व्रण कळा बऱ्याच अंशी सोसतो. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, असे एक सिझर झालेल्या आणि कळांची वाट पाहणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी ७२ ते ७५ जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. व्रण उकलण्याचा धोका दोनशेत सुमारे एकीला असतो. पण तो प्रसंग आला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी गाठ असते आणि शस्त्रक्रियागृह मिनिटांच्या अंतरावर लागते. दुसरीकडे, प्रत्येक सिझरगणिक पुढच्या खेपेला वार व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. पूर्णपणे निर्धोक वाट कुठलीच नाही. म्हणूनच निवडीचा प्रश्न उभा राहतो.

इंग्लंडमध्ये ही निवड करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सिझरनंतर घरी बाळंत होण्याचे ठरवलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक स्त्रिया नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. मात्र ३७ टक्के स्त्रियांना कळांदरम्यान किंवा बाळंतपणानंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे. तिथले घर प्रशिक्षित सुईण, रुग्णवाहिका आणि रुग्णालय या साखळीतली एक कडी आहे. साखळी काढून घेतली तर त्या आकड्यांना आपल्याकडे अर्थ उरत नाही.

जबलपुरात ही साखळी कुठे तुटते ते स्पष्ट दिसते. लेडी एल्गिन, म्हणजेच राणी दुर्गावती रुग्णालय, आणि नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय इथे दूरदूरहून अडलेल्या बाळंतिणी येतात. मंडला इथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. २०१८-२० मध्ये मध्य प्रदेशात लाख जिवंत जन्मांमागे १७३ मातांचे मृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. गाडी वेळेत न आल्यामुळे पाड्यावर बाळंत झालेल्या गोंड बाईला 'घर निवडणारी' म्हणणे अन्यायाचे आहे. तिथे कुणी कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचले आणि पोटावर जुना व्रण असला, तर धोका कितीतरी वाढतो.

शहरातली स्त्री मात्र घराचा विचार का करते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. पहिले सिझर खरेच गरजेचे होते का, हा तिचा प्रश्न म्हणून रास्त ठरतो. डिस्चार्ज कार्डावर नुसते 'एलएससीएस' (खालच्या भागातले सिझर) लिहिलेले असेल, कारण नसेल, तर पुढच्या खेपेला तिला सल्ला तरी कशाच्या आधारावर द्यायचा? गरोदरपणात माता-बाल संरक्षण कार्डावर जोखमीचा लाल स्टिकर लागतो. तो आवश्यकच आहे. पण स्टिकर लावून तिच्याशी बोलणे संपता कामा नये.

इथे सुईणीचे काम सुरू होते. केंद्र सरकारने २०१८ साली सुईण-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले. चांगली सुईण कळांमध्ये बाईला चालू देते, कंबर दाबून देते, बाळाचे ठोके ऐकत राहते. कळ ओसरल्यावरही व्रणाजवळ दुखत राहिले, ठोके मंदावले, कळा एकाएकी थांबल्या, तर ती क्षणभरही थांबत नाही. धीर देणे आणि धोका ओळखणे ही तिच्या लेखी एकाच कामाची अंगे आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. साखळी पुरी होईपर्यंत जबलपुरात सिझरनंतरचे बाळंतपण घरी करण्याचा सल्ला मी देणार नाही. पण घरात ती जे शोधते, म्हणजे ओळखीचा हात, एकांत आणि आपल्या शब्दाला मान, ते रुग्णालयात सुईणीमार्फत मिळणे हा तिचा हक्क आहे. एवढे करूनही तिने घरच निवडले, तर तिला दटावून तपासणीपासून तोडू नये. साथ सोडली की धोका वाढतोच.

या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे, मग ती परिचारिका असो, समाजशास्त्राची विद्यार्थिनी असो की सिझर झालेली आई, मनापासून स्वागत. कुठलाही अभ्यास हाती घेतलात की तीन गोष्टी विचारा : पहिले सिझर का झाले, जवळचे शस्त्रक्रियागृह किती मिनिटांवर आहे, आणि निर्णय घेताना त्या बाईला कुणी विचारले होते का?