एडमंटनचं पुलित्झर आणि आपला 'केसरी'

पुलित्झर पारितोषिक म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क आठवतं. पण अमेरिकेबाहेर हा मान सर्वप्रथम मिळाला तो आपल्या एडमंटनला! १९३८ साली 'एडमंटन जर्नल'ला हे खास पारितोषिक मिळालं, त्यामागे एक लढाई होती.

मंदीचे दिवस होते. विल्यम ॲबरहार्ट हे कॅल्गरीचे मुख्याध्यापक आणि रेडिओवरचे लोकप्रिय धर्मोपदेशक. दरमहा २५ डॉलर देण्याच्या आश्वासनावर ते १९३५ मध्ये अल्बर्टाचे प्रीमियर झाले. पैसे काही आले नाहीत आणि वर्तमानपत्रं टीका करू लागली. रेडिओवरून ॲबरहार्ट थेट घराघरात बोलत, पण रेडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही. ते काम वर्तमानपत्रं करत होती. मग १९३७ मध्ये 'अचूक बातमी'चा कायदा आला: सरकार देईल तो खुलासा छापायचा, बातमी कुणी दिली तेही सांगायचं, नाहीतर पेपरवर बंदी. लेफ्टनंट गव्हर्नरांनी संमती रोखली आणि १९३८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा अवैध ठरवला. जर्नलबरोबर लढलेल्या अल्बर्टातल्या ९० हून अधिक पत्रांनाही पुलित्झरची प्रशस्तिपत्रं मिळाली.

आता ॲबरहार्टांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पेपरही चुकतात. आपल्या 'केसरी'नेच कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचा आरोप दिवाण बर्व्यांवर केला होता. ज्या पत्रांच्या आधारे केला ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पण तिथे प्रश्न एका माणसाच्या बदनामीचा होता, आणि पुरावे कोर्टासमोर तपासले गेले. १८९७ मध्ये मात्र त्याच 'केसरी'तल्या लिखाणासाठी टिळकांना राजद्रोहाची १८ महिन्यांची शिक्षा झाली. इथे गुन्हा एकच, सरकारविरुद्ध असंतोष पसरवला! हा फरक महत्त्वाचा. चूक दुरुस्त व्हायलाच हवी, पण चूक कोणती हे सत्तेने ठरवू नये.

आज प्रत्येक पुढाऱ्याच्या खिशात ॲबरहार्टांच्या रेडिओपेक्षा मोठं यंत्र आहे. शिवाय बातम्यांच्या मोबदल्याच्या वादातून २०२३ मध्ये मेटाने कॅनडात फेसबुकवरच्या बातम्याच बंद केल्या. १९३७ मध्ये वर्तमानपत्र गप्प करायला कायदा करावा लागला. आता आपण वाचक दुसरीकडे वळलो, तरी तेच काम होतं, आणि त्याविरुद्ध कुठल्याच कोर्टात दाद मागता येत नाही.