डोळ्यातली बुरशी

१८५१ पर्यंत डॉक्टरांनाही बाहुलीआड काळोखच दिसे. त्या वर्षी हेल्महोल्ट्झने आपल्या नेत्रदर्शकाची माहिती छापली आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल दिसू लागले. पण वाचकहो, दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे!

१८७९ मध्ये जर्मनीत थिओडोर लेबरने एका शेतकऱ्याच्या डोळ्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी शोधली. मळणी चालू असताना ओटचे तूस उडून लागले होते. पण ही जखम बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे उंबरठ्यावरच. तिथले खरवडून तपासता येते. आतल्या जेलीसारख्या गराचे काय? तो नुसता ओढला तर दृष्टिपटलच फाटायचे.

ती वाट १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट मॅकेमरने मोकळी केली. (हाही आपल्यासारखाच बाहेरून आलेला, जर्मनीहून.) त्याचे उपकरण गर कापी, ओढून घेई आणि त्या जागी द्रव भरी. काढलेला गर तपासायला मिळू लागला.

तरी घाई नडतेच. आतली बुरशी साध्या दाहासारखी दिसते. नुसते स्टिरॉइड दिले की चार दिवस बरे वाटते आणि बुरशी फोफावते. कल्चरमध्ये ती उगवायला कधी कधी आठवडे लागतात. डीएनए तपासणीने हा वेळ वाचतो, पण नमुना लागतोच.

२०१२ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एकाच शस्त्रक्रिया केंद्रातले नऊ रुग्ण नोंदले गेले. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत वापरलेला रंगच दूषित निघाला. त्यातली बुरशी होती फ्युझेरियम, माती आणि पिकांवर वाढणारी.