शेवटच्याने पंखा बंद करावा

शाळा सुटल्यावर वर्गातला पंखा कोणी बंद करायचा? शेवटी बाहेर पडणाऱ्याने, असे आपण मुलांना सांगतो. पण आपणच शेवटचे, हे त्या मुलाला कळावे कसे? फळ्यावर एक आकडा ठेवू. आत येणाऱ्याने तो एकाने वाढवायचा, जाणाऱ्याने एकाने कमी करायचा. ज्याच्या हातून शून्य लिहिले जाईल तो शेवटचा. संगणकाच्या स्मृतीतील जागा मोकळी करण्याची एक जुनी रीत नेमकी अशीच आहे.

१९६० च्या सुमारास आयबीएम ७०४ या संगणकाची स्मृती फार तर ३२,७६८ शब्दांची असे. एकच यादी दोन मोठ्या याद्यांत सामाईक ठेवली तर जागा वाचे. पण एकीचे काम संपले म्हणून ती पुसली, तर दुसरीचे काय? एमआयटीतील जॉन मॅकार्थी यांनी एप्रिल १९६० च्या आपल्या निबंधात सुचवले, की जागा संपेपर्यंत काही पुसूच नये. संपली की कोणत्या याद्यांपर्यंत पोचता येते ते शोधावे आणि उरलेल्या गोळा कराव्यात. या झाडलोटीला काही सेकंद लागत. त्याच वर्षी डिसेंबरात आयबीएममधील जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट दाखवली. सामाईक यादीजवळच तिच्या वापरकर्त्यांचा आकडा ठेवावा, तो शून्य होताच ती पुसावी. काम मध्येच थांबवायला नको. आम्हांला या साधेपणाचे आजही कौतुक वाटते.

मात्र १९६३ मध्ये मॅकबेथ यांनी एका छोट्या पत्रात त्यातली खोच दाखवली. दोन मुले ‘तू आधी नीघ’ म्हणत एकमेकांसाठी थांबली, तर फळ्यावर २ तसाच राहतो! एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या याद्यांचे आकडे शून्यावर येतच नाहीत. जागा अडते, ती कोणाच्याच उपयोगाची नसते. हीच स्मृतीची गळती.

ही खोच आजच्या इम्युलेटरांतही भेटते. इम्युलेटर म्हणजे एका संगणकात दुसऱ्याचे सोंग वठवणारी आज्ञावली. फाब्रिस बेलार्द यांनी सुरू केलेला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘क्यूईएमयू’ हा त्यांतला सुपरिचित. त्यात नकली डिस्क, नकली जोडणीपत्रे अशा वस्तू असतात आणि चालू यंत्रातूनही त्या काढता येतात. डिस्क काढली, पण तिच्यावरचे वाचन अजून चालू आहे, अशा वेळी तिची जागा लगेच सोडली तर तिथे भलताच मजकूर येऊन बसेल. हा प्रकार गळतीहून वाईट; घुसखोराला आयते दार. म्हणून वाचणाराही आकडा वाढवतो, काम झाल्यावर उतरवतो.

मॅकबेथ यांच्या वेढ्यावरचा तोडगाही तिथे दिसतो: पालकवस्तूने अपत्याला धरले तर ते मोजायचे, अपत्याने पालकाकडे दाखवलेले बोट मोजायचे नाही. एवढ्याने ते वर्तुळ तुटते.

अडचण उरते ती माणसाची. क्यूईएमयू मुख्यतः सी भाषेत आहे आणि तिथे आकडा उतरवण्याची ओळ हाताने लिहावी लागते. चूक आढळली म्हणून काम अर्ध्यातून परत फिरते, त्या आडवाटेवर ती ओळ हमखास राहून जाते. यासाठी जीलिब या संग्रहातील ‘जी-ऑटोपीटीआर’ची सोय वापरतात: कार्याच्या कोणत्याही दाराने बाहेर पडा, आकडा आपोआप उतरतो. पायथन भाषेने सुरुवातीपासून मोजणीचीच रीत ठेवली. वेढे शोधणारी वेगळी झाडलोट तिला २००० मध्ये, २.० या आवृत्तीत, जोडावी लागली.