राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबई

महात्मा गांधी मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर असलेले केंद्र सरकारचे कलादालन. १९९६ साली ते सुरू झाले. वास्तू मात्र त्याहून पंचाऐंशी वर्षांनी जुनी : मुंबईकरांचा सी. जे. हॉल, म्हणजे सर कावसजी जहांगीर सभागृह.

दात्याचे नाव लाभलेले हे सभागृह १९११ मध्ये बांधून झाले. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. समोरचे वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया हीदेखील त्यांचीच कामे. येथे मैफली झाल्या, राजकीय सभा गाजल्या. पुढे शहरात अधिक सोयीची सभागृहे आली आणि हॉलच्या वाट्याला लग्नसमारंभ नि स्वस्त मालाचे सेल उरले.

ही जागा आधुनिक कलेसाठी मिळावी म्हणून मुंबईच्या कलावर्तुळाने पाठपुरावा केला. त्यात शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरीचालक केकू गांधी आघाडीवर होते. पोचखानवाला १९८६ मध्ये निवर्तल्या. कलादालन उघडलेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

रूपांतराचे काम वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी केले. दर्शनी बाजू त्यांनी राखली. आतल्या उंच पोकळीत मात्र एकावर एक अर्धवर्तुळाकार दालने रचली. प्रेक्षक जिन्यांनी मजल्यामागून मजला चढत शेवटी घुमटाखालच्या दालनात पोहोचतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. ही युक्ती देखणी खरी, पण फुकटची नव्हे. एकसंध, भव्य सभागृह हेच विटेटच्या इमारतीचे मर्म होते, आणि नेमके तेच गेले. शिवाय गोलाईच्या भिंतीवर मोठा सपाट कॅनव्हास टांगणे म्हणजे मांडणी करणाऱ्यांची कसोटीच.

याच संस्थेने दिल्लीत निराळी वाट धरली. तेथे जयपूर हाउस हा जुना राजवाडा होता. त्याच्या आवारात प्रशस्त जागा असल्याने २००९ मध्ये नवी इमारत शेजारी उभारता आली. कुलाब्याच्या तोंडाशी अशी मोकळीक कुठली?

भायखळ्याच्या १८७२ च्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तिसरा मार्ग दिसतो. तेथे विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली मूळ अंतर्भागच काळजीपूर्वक पूर्ववत करण्यात आला. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. त्याच आवारात नवा विभाग बांधण्यासाठी २०१४ मध्ये स्पर्धेतून अमेरिकन वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. त्यावर वाद झाला.