पानिपतची उपमा, १९६२ चे युद्ध आणि वऱ्हाडातील अडगाव

मराठीत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार इतका रूढ आहे की, कोणत्याही मोठ्या पराभवाच्या चर्चेत १४ जानेवारी १७६१ चा उल्लेख आपोआप येतो. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले तेव्हा त्या लढाईच्या द्विशताब्दीला दोन वर्षेही लोटली नव्हती. पुढे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे म्हटले गेले. या उद्गारामागेही उत्तररक्षणाची, म्हणजे पानिपतचीच, परंपरा जाणवते.

ही उपमा निरर्थक नाही. सदाशिवरावभाऊंच्या छावणीची रसद अब्दालीने तोडली. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दाणापाण्याचा मुख्य आधार तुटला. १९६२ मध्येही भारतीय जवान पुरेशा गरम कपड्यांविना, रस्ते नसलेल्या ठाण्यांवर लढले. तळापासून दूर गेलेल्या सैन्याचे पोट कसे भरावे, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

साम्य येथेच संपते. अब्दाली विजयानंतर स्वदेशी परतला. चीननेही २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धविराम करून पूर्वेकडील प्रदेश सोडला. परंतु अक्साई चीन सोडला नाही. पानिपतच्या चौकटीतून पाहणाऱ्याची नजर नेमकी येथे चुकते. शिवाय ही उपमा भाऊंच्या चुकांसारखा एखादा अपराधी शोधू लागते. १९५६ मध्ये सुएझप्रश्नी ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी नासेरमध्ये १९३० च्या दशकातील हुकूमशहा पाहिले व त्याच चष्म्यातून निर्णय घेतला. परिणाम सर्वज्ञात आहे.

युद्धविरामाचा विचार करावयाचा तर वऱ्हाडातच अधिक उपयुक्त उदाहरण आहे. असईच्या पराभवानंतर २३ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंद्यांनी वेलस्लीशी तहकुबीचा करार केला. नागपूरकर भोसले त्यात नव्हते. होळकर तर आधीपासूनच अलिप्त होते. शर्ती पाळल्या गेल्या नाहीत, असे कारण देऊन वेलस्लीने सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे लढाई दिली. शिंद्यांचे घोडदळ भोसल्यांसमवेत मैदानात होते, पण करार त्यांना वाचवू शकला नाही. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. डोंगरवाटेने तोफा ओढून नेण्याचे इंग्रजांचे श्रम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

मित्रांपैकी एकानेच केलेली तहकुबी दुसऱ्याला कितपत बांधते, आणि शर्तभंग झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे प्रश्न पानिपतातून निघत नाहीत, अडगावातून निघतात. तरीही अडगाव वाक्प्रचारात आले नाही. बहुधा तेथे पेशव्यांच्या घरचे कोणी पडले नाही म्हणून. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. आजचा वरूड तालुका याच नदीच्या पश्चिमेस आहे.